अंडीवाल्याचा ब्रेक

आमचे बाबा गाडी थांबवायला लागायचे, तेव्हा ती कुठे थांबणार आहे हे दुसऱ्या कुणाला दिसतही नसायचं. चौकातला सिग्नल हिरवागार, रस्ता मोकळा, समोर कुत्रंसुद्धा आडवं नाही, आणि यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचललेला. मग ती पांढरी चौकोनी गाडी पोटभर जेवलेल्या माणसासारखी चौकाकडे सरकत जायची. मागचे हॉर्न वाजवून दमायचे. सायकलवाले ओलांडून जायचे. एकदा मी शेजारी बसलो असताना फुटपाथवरून काठी टेकत चाललेले एक आजोबा आमच्या पुढे गेले, पुढे जाऊन थांबले आणि काळजीनं म्हणाले, "काही बिघडलंय का हो?"

बाबा म्हणाले, "नाही. अंडी आहेत."

हे उत्तर ते सगळ्यांना द्यायचे. मागून शिव्या देणाऱ्या ट्रकवाल्याला, शिट्टी फुंकणाऱ्या पोलिसाला, आणि "घरी कधी येताय?" असं फोनवर विचारणाऱ्या आईलासुद्धा. उत्तर खरं होतं. शहराबाहेरच्या गोदामात सकाळी गाडी भरायची आणि किराणा दुकानं, बेकऱ्या, खानावळी करत करत ती दुपारपर्यंत रिकामी करायची, एवढीच नोकरी त्यांनी आयुष्यभर केली. गाडीत दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक, रॅकवर पुठ्ठ्याचे ट्रे, ट्रेवर ट्रे. कचकन ब्रेक मारला की वरचे ट्रे पुढे येतात, खालचे दबतात, आणि मागच्या दारातून जे गळायला लागतं ते धुण्यात दिवस जातो. हे सगळं मी इतर ड्रायव्हरांकडून ऐकलेलं. बाबांच्या गाडीतून असं कधी गळलंच नाही. ते ड्रायव्हर त्यांना 'सावकाश' म्हणत, पाठीमागेही आणि तोंडावरही. बाबांना त्याचा अभिमान होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

रस्त्यांबद्दल ते नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलायचे. बाजारपेठेतलं काँक्रीट बसच्या टायरांनी घासून गुळगुळीत झालं होतं; ते त्यांच्या मते तोंडावर गोड आणि वेळेला पाठ फिरवणारं. नवं डांबर स्वभावानं बरं, पण त्यावर बारीक खडी सुटी राहिली असेल तर त्याच्या वाटेला जायचं नाही. झाडांच्या रस्त्यावर ओली पानं साचली की बाबा आधीच्या गल्लीपासूनच तोंड मिटून बसायचे. आणि सगळ्यात नाठाळ म्हणजे अर्धवट ओला रस्ता. "धो धो पडला तर रस्ता धुऊन निघतो," ते सांगायचे. "जरासं शिंपडल्यासारखं झालं की धूळ, तेल, टायरचं काळं, सगळ्याचा लेप बसतो. मग ब्रेक तुमचा, पण गाडी तुमची नाही."

हे ते जेवताना सांगायचे. मी मीठ मागितलं की सांगायचे. "दिसलं म्हणजे थांबलं, असं नसतं. आधी दिसतं. मग ते डोक्यात शिरतं. मग पाय हलतो. तोवर गाडी आपली चाललेलीच. मग ब्रेक लागतो. आणि ब्रेक लागल्यावर पुढचं रस्ता ठरवतो." तोवर माझी आमटी बेचव संपलेली असायची. आईनं फरशी पुसली की ते दाराबाहेर उभे राहून "वाळली का?" असं विचारायचे, आणि वाळली म्हटलं तरी पहिली पावलं अशी टाकायचे की बघणाऱ्याला वाटावं, खाली गोठलेलं तळं आहे.

तडकलेली अंडी दुकानदार घेत नसत, ती घरी यायची. त्यामुळे शहरातल्या रस्त्यांची खबर आईला स्वयंपाकघरात बसल्या जागी मिळायची. "बेकरीचा रस्ता खणला वाटतं," असं ती पिशवीत डोकावून म्हणायची, आणि तो खरंच खणलेला असायचा. ज्या वर्षी शहरभर पाण्याचे पाइप टाकले त्या वर्षी आम्ही इतकी ऑम्लेटं खाल्ली, की मला अजूनही पिवळा शर्ट बघवत नाही.

तर अशा माणसाच्या मुलीनं टॅक्सीवाल्याशी लग्न ठरवावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

ताई माझ्याहून मोठी. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते आणि दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगून सांगून स्वतः फटकळ झालेली आहे. बाबांचा तिच्यावर जीव. माझ्यावरही त्यांचं प्रेम आहे, असं आई सांगते. एके दिवशी ताई पिशवीत किल्ली शोधत शोधत फुटपाथवरून थेट रस्त्यात उतरली. भरधाव येणारी टॅक्सी किंचाळत थांबली ती तिच्या पिशवीला बंपर टेकवूनच. टॅक्सीवाला उतरला आणि त्यानं तिला भर रस्त्यात झाडलं. ताईनं त्याला उलट झाडलं. मग आपले पाय थरथरताहेत हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचेही थरथरताहेत हे त्याच्या. त्यानं तिला दवाखान्यात सोडलं. दुसऱ्या दिवशीही सोडलं. पुढचं सांगायला नको.

तिनं हे घरी सांगितलं तेव्हा कुठला, काय शिकला, घरी कोण कोण असतं, असं बाबांनी काहीएक विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "किती अंतरावर थांबला?"

ताईनं मोठ्या कौतुकानं अंगठा आणि बोट यांच्यात ते अंतर दाखवलं. बाबांनी ते बघितलं आणि ताट बाजूला सारलं.

"एवढ्यावर थांबणारा माणूस एक दिवस थांबणार नाही."

"थांबला म्हणून मी इथे बसलीय, बाबा."

"रस्ता कोरडा होता म्हणून तू इथे बसलीयस."

त्यानंतर घरात जे काही झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणात दोन्ही बाजू बोलतात. ताई बोलायची, बाबा अंडी पुसायचे. आई दोघांच्या मधे उभी राहून थकली. ताईचं म्हणणं साधं होतं: लग्न करीन तर याच्याशीच, पण बाबा तोंड फिरवून बसणार असतील तर ते लग्न मला नको. म्हणजे तिनं गाठ अशी मारून ठेवली होती, की ती फक्त बाबांनाच सुटणार होती. शेवटी आईनं एकदाच आवाज चढवला. "निदान बघा तरी त्याला," ती म्हणाली. "बघितल्याशिवाय कुणी नाही म्हणतं का?"

बाबांनी विचार केला. मग म्हणाले, "बघतो. पण चहा पिताना माणूस काय कळणार? त्याला म्हणावं, माझी एक फेरी तुझ्या टॅक्सीतून कर. माझे ट्रे, माझे रस्ते. एकही अंडं तडकलं नाही तर माझी ना नाही."

जगात मुलगा बघायच्या अनेक तऱ्हा असतील. माझ्या माहितीत जावयाची परीक्षा अंड्यांकरवी घेणारं आमचं एकच घर.

टॅक्सीवाल्याचं मला वाईट वाटायचं. उंच, हसरा माणूस, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. त्याचा सगळा रुबाब त्या ब्रेकवर होता. तो कुणाच्याही आधी पोचायचा आणि बरोब्बर जिथे थांबायचं तिथेच थांबायचा. टायर गुळगुळीत व्हायच्या आत बदलायचा, ब्रेक महिन्यामहिन्याला तपासायचा. आता तोच माणूस ताईनं आणलेली अंडी मागच्या सीटवर मांडून गल्लीबोळांतून सराव करायला लागला, आणि साक्षीदार म्हणून मला त्या अंड्यांशेजारी बसवण्यात आलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. दुकानाचे मालक मला विचारायला लागले, की तुझ्या अंगाला बेकरीचा वास का येतो.

सुरुवातीला सीटवरून बलक वाहिला. मग कमी वाहिला. मग टॅक्सीवाला शिकला. पण शिकला ते काय, हे त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्याचा पाय मऊ झाला, एवढं आम्हाला दिसलं. त्याचे प्रवासी मात्र कुरकुरायला लागले. एक गृहस्थ तर चालत्या टॅक्सीचं दार उघडून उतरले आणि पायी निघून गेले. ताई खूश होती.

परीक्षेच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. डिकीत ट्रे, मागच्या सीटवर ट्रे, ट्रेंच्या मधे मी. बाबा पुढे, टॅक्सीवाल्याच्या शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून. बाजारपेठेच्या काँक्रीटवर टॅक्सीवाल्यानं पाय इतक्या लवकर उचलला, की मला भरून आलं. खडीच्या रस्त्यावर गाडी पाण्यावरून नाव जावी तशी गेली. बेकरीपाशी बाबांची मान किंचित हलली. ती वर-खाली हलली, आडवी नाही. मी मागून बघत होतो, आणि लग्नाचा कोट शिवायला टाकावा का असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

मग शाळेचा रस्ता लागला. तिथे दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणारा टँकर नुकताच पुढे गेला होता. माती मिसळलेलं पाणी रस्त्यावर पातळ पसरलेलं. पुढे पादचाऱ्यांचे पांढरे पट्टे, आणि त्या पट्ट्यांवर हातात भाजीची पिशवी घेऊन उतरलेल्या एक बाई.

टॅक्सीवाल्याला त्या दिसल्या. मला माहीत आहे दिसल्या, कारण त्याचे खांदे ताठ झाले. आधीचा टॅक्सीवाला असता तर त्यानं जागच्या जागी पाय रोवला असता. या टॅक्सीवाल्यानं मागच्या ट्रेंचा विचार केला आणि ब्रेक हळुवार दाबला. टॅक्सी हळुवार घसरली. पट्टे आले, पट्टे गेले, बाईंनी मागे उडी मारली, आणि टॅक्सी त्यांच्या पलीकडे जाऊन अगदी अलगद थांबली. एकही ट्रे हलला नाही.

बाई टॅक्सीजवळ आल्या. त्यांनी खिडकीतून आत बघितलं, अंडी बघितली, इस्त्रीचा शर्ट बघितला, आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा ही महाग आहेत का?" मग पिशवी सावरून निघून गेल्या. टॅक्सीवाल्याच्या चेहऱ्यावर रक्त राहिलं नव्हतं.

शेवटच्या दुकानात ट्रे उतरवले. दुकानदारानं प्रत्येक अंडं उजेडाकडे धरून बघितलं. सगळी शाबूत. दुकानदार म्हणाला, "व्वा." बाबा टॅक्सीवाल्याकडे वळले. "अंडी शाबूत आहेत," ते म्हणाले. "त्या बाई त्यांच्या चपळाईनं वाचल्या. मी मुलगी देणार नाही."

हे सगळं मी घरी सांगितलं, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. ताई ऐकून घेत होती. ती रडेल असं आईला वाटलं असावं, कारण ती तिच्या शेजारी जाऊन बसली. ताई रडली नाही. ती उठून बाबांसमोर उभी राहिली.

"त्याला हे कुणी शिकवलं?" तिनं विचारलं.

"मी लवकर थांबायला शिकवायला निघालो होतो," बाबा म्हणाले. "तो हळू दाबायला शिकला. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"त्याला त्या वेगळ्या आहेत हे कसं कळणार? अट तुम्हीच घातलीत ना? एकही अंडं तडकता कामा नये. त्यात माणसांचं काही नव्हतं. आधीचा तो असता तर बाईंच्या अलीकडे थांबला असता. अंडी फुटली असती आणि तो तुमच्याकडे नापास झाला असता."

आई म्हणाली, "पुरे आता." पण दात काढायला घेतला की मधे सोडायचा नाही, हा ताईचा दवाखान्यात शिकलेला बाणा.

"बाबा, तुम्ही कधी जोरात ब्रेक मारलाय? आयुष्यात एकदा तरी?"

"वेळच आली नाही."

"आली तर? तुम्हाला न दिसलेलं कुणीतरी समोर आलं तर? मी उतरले होते तशी कुणी उतरली तर? तुमचा पाय दाबेल?"

बाबांनी तोंड उघडलं.

"अंडी आहेत असं म्हणू नका," ताई म्हणाली.

बाबांनी तोंड मिटलं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि मला वाटलं, हे बघायला आपण इथे नसतो तर बरं झालं असतं.

पुढचे काही दिवस बाबा चहा पिताना मधेच टेबलाखाली पाय दाबायचे. टेबल हलायचं, कप खडखडायचे. आई माझ्याकडे बघायची, मी छताकडे. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी ताईला सांगितलं, "त्याला गोदामामागे बोलाव. म्हणावं, रिकामी खोकी घेऊन ये."

गोदामाच्या मागे एक लांब रस्ता आहे. पुढे भिंत घातल्यामुळे त्यावर कुणी येत नाही. आम्ही गेलो तेव्हा बाबा डब्यांतून पाणी आणून स्वतःच तो रस्ता शिंपडत होते. धूळ भिजेल इतपतच, धुऊन जाईल इतकं नाही. टॅक्सीवाला अवघडून उभा होता. बाबांनी त्याला रस्त्याकडेला रचलेल्या पेट्यांमागे, आडोशाला उभं केलं. "मी येईन," ते म्हणाले. "तुम्हाला वाटेल तेव्हा खोकं माझ्यासमोर टाका. मला सांगू नका."

बाबा आले. खोकं पडलं. गाडी नेहमीच्या मायेनं मंदावली, खोक्यावरून गेली आणि त्याच्यापुढे सुंदर थांबली.

"बाई गेली," ताई म्हणाली.

बाबा उतरून चपट्या झालेल्या खोक्याकडे बघत राहिले. "गाडी रिकामी आहे," ते म्हणाले. "पायाला अंदाज येत नाही." मग त्यांनी गोदामातून ट्रे आणून रॅक भरले, स्वतःच्या नावावर लिहून. पुन्हा आले. ट्रे भरल्यावर पाय आणखीच प्रेमळ झाला. दुसरी बाईही गेली. तिसऱ्या वेळी खोकं लांबून टाकलं होतं, तरीही गेली. मी हसलो, आणि बाबांचा चेहरा बघून हसायचं थांबलो. ते घाबरले होते. इतकी वर्षं रोज शहरभर गाडी फिरवणारे आमचे बाबा पहिल्यांदाच गाडीला घाबरले होते, आणि मला त्यांची फार माया आली.

टॅक्सीवाला पेट्यांमागून बाहेर आला. तोवर तो त्यांच्याशी मान खाली घालूनच बोलायचा. आता तो सरळ त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिला. "बाबा, तुम्ही ब्रेकची समजूत काढताय," तो म्हणाला. "समजूत नाही काढायची. पूर्ण दाबायचा, खाली टेकेपर्यंत. चाकं घसरली तर क्षणभर सोडायचा आणि परत दाबायचा. अंडी फुटतील. फुटू द्या."

"पाय ऐकत नाही," बाबा म्हणाले.

"माझा त्या दिवशी ऐकला नाही. मला माहीत आहे कसं वाटतं ते."

बाबांनी त्याच्याकडे प्रथमच नीट बघितलं. तो पेट्यांमागे परत गेला.

"मी बसते शेजारी," ताई म्हणाली. "इथून काही कळत नाही." बाबा नको म्हणत होते तोवर ती आत चढून, बेल्ट लावून, समोर बघत बसलीसुद्धा होती. बाबांनी गाडी मागे नेली. वळवली. बराच वेळ ती तिथेच गुरगुरत उभी होती. मग निघाली, आणि या वेळी जरा वेगातच आली.

खोकं पडलं.

मी आयुष्यात ऐकलेला सगळ्यात मोठा आवाज तो असेल. चाकं किंचाळली, सुटली, पुन्हा किंचाळली. गाडीचं तोंड एका बाजूला फिरलं, आतून रॅकच्या रॅक कोसळल्याचा धडाका आला, आणि गाडी थांबली. खोकं तिच्या पुढे, धड, चारही कोपऱ्यांनिशी उभं होतं. मागच्या दाराखालून पिवळी धार लागली.

मी आणि टॅक्सीवाला धावलो. ड्रायव्हरच्या मागे जाळी होती, तिच्यातून बलक पुढे उडाला होता आणि बाबांच्या मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता. त्यांना ते कळत नव्हतं. त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवर होता. डावा हात आडवा, ताठ, ताईच्या छातीसमोर धरलेला. तिला पुढे जाऊ देणार नाही असा.

टॅक्सीवाल्यानं खिडकीतून आत बघितलं. त्यालाही धाप लागली होती. "पाय बरोबर पडला," तो म्हणाला. "पण दोन्ही हात स्टिअरिंगवर पाहिजेत, बाबा. म्हणून गाडी वळली."

"ही आहे ना शेजारी," बाबा म्हणाले.

"तिला बेल्ट आहे."

बाबांनी मान वळवून ताईकडे बघितलं. "बेल्ट आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे, बाबा," ताई म्हणाली. ती अगदी हळू बोलली. मी तिला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजून तसाच आडवा होता. त्यांनी तो काढून घेतला, पण एकदम नाही घेता आला त्यांना. आधी बोटं सैल झाली, मग मनगट, मग तो हात हवेत थोडा थांबला आणि शेवटी स्टिअरिंगवर येऊन टेकला. मला रडू आलं. आईला मी हे सांगितलं नाही, पण आलं.

"घरच्यांना घेऊन या एकदा," बाबा टॅक्सीवाल्याला म्हणाले. "तारखेचं बोलू." मग त्यांनी रुमाल मागितला. मी माझा दिला. बलक मानेवरून पाठीत चालला होता, पण त्यांनी आधी डोळे पुसले.